न शिकवलेली बारा नामं

सई आणि अमेय,

मे महिन्यात तुम्ही आलात तेव्हा सईने माझ्या कपाटातली हिरवी वही काढली होती. प्रत्येक पानावर पट्टीने आखलेले तीन रकाने. पहिल्यात इंग्रजी, तिसऱ्यात माझ्या अक्षरात मराठी. "आजी, मधली भाषा कुठली?" असं, सई, तू विचारलंस. मी "पोलिश" म्हणाले आणि वही परत जागेवर ठेवली. तू पुढे विचारलं नाहीस, मीही सांगितलं नाही.

मग परवा तुझं पत्र आलं. तिकडे नव्याने आलेल्या माणसांना तू इंग्रजी शिकवायला लागलीस हे वाचून मला आनंद झाला. पण खाली तू लिहिलं आहेस, "काही शब्द इतके भीतीदायक असतात की ते मी सोडूनच देते. उगीच कशाला घाबरवायचं?" ते वाक्य मी तीनदा वाचलं. मीही एकदा असंच केलं होतं. तुमच्या बाबालाही मी हे आजवर सांगितलेलं नाही. आता सांगते.

साठच्या दशकातली गोष्ट. मी कर्जतच्या शाळेत इंग्रजी शिकवत होते. आम्ही दहिवलीला राहायचो, तुमचे आजोबा कचेरीत कारकून होते. खालापूरच्या बाजूला तेव्हा पुठ्ठ्याचा एक कारखाना निघाला होता. तो आता नाही, म्हणून नावही लिहीत नाही. आमच्याकडे भात निघालं की पेंढा उरतो. तो कडावपासूनच्या गाड्या तिथे नेऊन टाकायच्या. पेंढा चुन्याच्या पाण्यात भिजवायचा, शिजवायचा, त्याचा लगदा करायचा आणि लगद्याचा पुठ्ठा. मिठाईचे खोके, वह्यांची कव्हरं, सगळं त्यातून व्हायचं. भिजवण्यासाठी जमिनीत खोल खड्डे बांधलेले होते. दोन पुरुष खोल, वर लाकडी झाकण, आत उतरायला लोखंडी शिडी, तळाशी पाणी खेचणारा पंप.

यंत्रं पोलंडहून आली होती आणि त्यांच्याबरोबर एक बाई आली होती. दनुता तिचं नाव. रसायनशास्त्राची इंजिनिअर, वय पस्तीसच्या आसपास, उंच, केस कापलेले, चालणं तरातरा. कामगार तिला दनुताबाई म्हणायचे. तिच्यावर काम होतं ते यंत्रं सुरू करून देण्याचं आणि जाण्याआधी धोक्यांच्या सूचना इंग्रजीत लिहून देण्याचं. तिला रशियन येत होतं, जर्मन येत होतं, इंग्रजी मात्र बाजारहाटापुरतं. मॅनेजरना शिक्षक हवा होता, आणि बाईला शिकवायला बाईच बरी म्हणून मला बोलावलं. आठवड्यातून तीन दिवस शाळा सुटल्यावर कारखान्याची जीप यायची.

पहिल्याच दिवशी ती मला म्हणाली (ती तोडक्या इंग्रजीत बोलायची, मी मराठीत लिहिते), "क्रियापदं मला नकोत. ये, जा, उचल, थांब हे मी हातानं दाखवते. मला नामं हवीत. 'सावधगिरी' हातानं कशी दाखवू?"

म्हणून आम्ही नामांची वही केली. मी पट्टीने रकाने आखले. शिकवता शिकवता मला कळलं की आम्हा मराठी माणसांच्या ज्या अडचणी, त्याच तिच्याही. तिच्या भाषेत प्रत्येक नामाला लिंग, आपल्यासारखीच तीन. कुठलाही नवा शब्द दिला की ती विचारायची, "हा तो, ती की ते?" इंग्रजीत तसं काही नसतं म्हटल्यावर तिला तो शब्द अर्धवट वाटायचा. शेवटी 'शन'चा उच्चार असलेले लांबलचक शब्द, ज्यांनी माझ्या मॅट्रिकच्या मुलांना घाम फुटायचा, ते तिला चुटकीसरशी यायचे. 'व्हेंटिलेशन' म्हटलं की ती हसून "वेंतिलात्स्या!" म्हणायची. तिच्याकडे तोच शब्द होता. अडायची ती 'लिड' (झाकण), 'हॅच' (उतरायचं तोंड), 'स्लज' (गाळ) असल्या बोटभर शब्दांवर. आणि 'अ‍ॅडव्हाइस' मोजता येत नाही हे तर तिने शेवटपर्यंत मान्य केलं नाही.

"आमच्याकडे दोन सल्ले देता येतात," ती म्हणाली.

"आमच्याकडे शंभर देतात, आणि कुणी न मागता," मी म्हटलं. त्यावर आम्ही दोघी खूप हसलो.

मला हे हसणं मुद्दाम लिहायचं आहे, कारण पुढे ते थांबलं.

दोन महिन्यांनी तिने मला एक यादी दिली. लाल पेन्सिलीने लिहिलेले बारा पोलिश शब्द, शब्दकोशात पाहून पुढे अडखळत लिहिलेलं इंग्रजी. "हे आधी," ती म्हणाली. "बाकीचे नंतर." यादीतले काही असे होते: गुदमरणं. मूर्च्छा. विषारी वायू. बळी. प्रेत. आणि सगळ्यात शेवटी, खाली दोन रेघा मारलेला शब्द, रेस्क्युअर. वाचवणारा.

प्रेताच्या खाली वाचवणारा का, असं मी विचारलं. तिने मला खड्ड्यापाशी नेलं आणि समजावलं. भिजलेला पेंढा हलवला नाही, तसाच काही दिवस राहिला, की त्यातून वायू सुटतो. जड असतो, तळाशी बसतो. आधी कुजक्या अंड्यासारखा वास येतो. वास येतो तोवर माणसाला पळायला वेळ असतो. पण वायू वाढला की नाकच मरतं, वास येणं थांबतं. उतरणाऱ्याला वाटतं, हवा स्वच्छ झाली. दोन श्वासांत तो खाली बसतो. मग वरचा त्याला काढायला उतरतो आणि तोही बसतो. तिच्या देशात एका खड्ड्यातून चार माणसं निघाली होती. पहिला कामासाठी उतरलेला, बाकीचे तिघं त्याला वाचवायला. त्यातला एक तिचा वर्गमित्र होता.

मग तिने सहज विचारलं, "तुमच्या भाषेत मृत्यू तो, ती की ते? आमच्याकडे ती बाई आहे."

मला तेव्हा पाचवा महिना होता. तुमचा बाबा पोटात होता. त्याआधीचं माझं एक मूल राहिलं नव्हतं. घरी सासूबाईंनी सगळ्यांना ताकीद दिली होती, सुमनच्या कानावर वाईटसाईट घालायचं नाही. संध्याकाळी आमच्या घरी सापाचं नावही कुणी घेत नसे. मी स्वतःला शिकलेली समजायचे, पण तिचा तो प्रश्न मला ऐकवेना. मी पोटावर पदर ओढला आणि म्हटलं, "ही यादी आपण पुढच्या महिन्यात करू. आधी यंत्रांचे भाग संपवू." तिने माझ्या पोटाकडे पाहिलं आणि यादी वहीच्या शेवटच्या पानात घालून ठेवली. तीही भिडेला बळी पडली. हे मी तिच्यावर ढकलत नाही. शिक्षिका मी होते.

त्यानंतर कामगारांना समजावण्याची सभा झाली. दनुता इंग्रजीत बोलायची, मी मराठीत सांगायचे. समोर चाळीसेक माणसं सतरंजीवर बसलेली. तिच्याकडे शब्द नव्हते म्हणून तिने हातवारे केले. गळा धरून दाखवला, डोळे फिरवले. माणसं हसली. मला अर्थ नीट ठाऊक होता. मला म्हणायचं होतं, उतरणारा मरतो, वाचवायला उतरणाराही मरतो. मी म्हटलं, "खड्डा बंद राहिला असेल तर न विचारता उतरणं चांगलं नाही." दुसरं वाक्य तर मी म्हटलंच नाही. भाऊ पडला तर त्याला काढायला जाऊ नका, हे त्या माणसांना मी कुठल्या तोंडाने सांगणार होते?

पंपावर काशिनाथ म्हणून एक होता. तिशीचा, हसरा, पंपाशी बैलाशी बोलावं तसं बोलणारा. त्याचा धाकटा भाऊ हिरू पेंढ्यावर होता. काशिनाथने हात वर केला.

"बाई, उतरलो न् वास आला तं काय व्हतं?"

मी म्हटलं, "तब्येत बिघडते."

"मंग रोजचंच हाय की," तो म्हणाला, आणि सगळे पुन्हा हसले.

सई, मी दिलेलं उत्तर एवढंच होतं. दोन शब्द.

नवरात्र आलं. यंत्रांच्या दुरुस्तीसाठी कारखाना पाच दिवस बंद होता. खंडेनवमीला सगळी हत्यारं, यंत्रं धुऊन त्यांची पूजा करायची, म्हणून सकाळी माणसं जमली. दनुताला पूजा पाहायची होती, मी तिच्याबरोबर होते. सगळीकडे झेंडूचा वास, आंब्याची डहाळी, मोटरींना गंध, हार. हारासाठी मी तिला 'गार्लंड' हा शब्द देत होते.

पूजा आटपत आली तेव्हा काशिनाथ हळदीकुंकवाची थाळी घेऊन निघाला. मुकादम अब्बासचाचांनी हटकलं, "कुठं चाललास रं?"

"खाली. समद्या मशिनी नटल्या, माझ्या पंपानं काय पाप केलंय? उद्या रुसला म्हंजी?"

"अरे, राहू दे. वरूनच हात जोड."

"वरून देवाला जोडत्यात चाचा. पंपाला कुंकू लावाया लागतं."

हे मी ऐकलं. पंधरा-वीस पावलांवर होते. माझ्या मनात आलं, खड्डा पाच दिवस बंद आहे. आणि त्याच वेळी मनात आलं, आजच्या दिवशी मी ओरडून वाईट बोलू का? दनुताला मराठी समजत नव्हतं, तिची पाठ तिकडे होती. झाकण सरकवल्याचा आवाज झाला. मी तिचा दंड धरला आणि म्हटलं, "पिट." ती वळली.

तोवर काशिनाथ शिडीवर होता. खालून त्याचा आवाज आला, "काय बी वास नाय चाचा!"

त्यानंतर थाळी पडल्याचा आवाज आला. ती गोल गोल फिरत आवाज करत राहिली आणि मग थांबली.

दनुता धावत सुटली. तिच्या मागे मी जमेल तशी. कडेवरून पाहिलं तर काशिनाथ पंपाला टेकून बसला होता, मान छातीवर, दमून डुलकी लागावी तसा. पांढऱ्या सदऱ्यावर कुंकू सांडलेलं. पलीकडून हिरू आला.

"दादा! रं दादा!" त्याने टोपी फेकली आणि शिडीवर पाय टाकला.

दनुता त्याच्यावर ओरडली, तिच्या भाषेत. मग माझ्याकडे वळली. तिचं तोंड उघडं होतं आणि त्यात शब्द नव्हता. तिचे डोळे मला अजून दिसतात. जो शब्द तिला हवा होता तो वहीच्या शेवटच्या पानात होता, आणि तिथे मी तो ठेवला होता.

मी ओरडले, "हिरू, नको! थांब!"

नको, थांब, हे तर सगळेच ओरडत होते. भाऊ खाली पडलेला असताना ते कुणाला ऐकू येतं? त्याचा दुसरा पाय शिडीवर गेला. कंबर आत गेली. आणि मग मी ते म्हटलं. खंडेनवमीच्या दिवशी, पाच महिन्यांचं पोट घेऊन, शाळेत जो आवाज कधी काढला नव्हता त्या आवाजात.

"उतरलास तर मरशील! दोन मढी निघतील, हिरू! तुझ्या आईपुढे दोन मढी ठेवू का?"

तो चमकला. त्याने वर पाहिलं. त्याची नजर माझ्या तोंडावर खिळली, बाईंच्या तोंडून हे आलं यावर विश्वास बसत नसल्यासारखी. तेवढ्या एका क्षणात अब्बासचाचांनी त्याच्या काखेत हात घालून त्याला वर ओढलं आणि त्याच्यावर बसले. तो त्यांना चावला, गुरासारखा ओरडत राहिला. दनुताने हवेचा नळ आणवून खड्ड्यात सोडला. पेंढा ओढायची लांब आकडी काशिनाथच्या कमरपट्ट्यात अडकवून चौघांनी त्याला बाहेर काढलं. तिने त्याच्या तोंडात श्वास भरला, किती वेळ ते आठवत नाही. तिच्या ओठांना त्याचं कुंकू लागलं होतं.

काशिनाथ उठला नाही.

पुढच्या चार महिन्यांबद्दल काय लिहू? मला झोप नव्हती असं नाही, पण रोज पहाटे मी पोटावर हात ठेवून हालचालीची वाट पाहायचे. जो शब्द मी तोंडातून काढला तो कुठे जाऊन बसला असेल याची मला भीती वाटे. स्वयंपाकघरात मिनिटभर कसलाच वास आला नाही की मी घाबरून दार उघडायचे. वास येण्याची नाही, न येण्याची भीती. ती आजही पूर्ण गेलेली नाही.

आठ दिवसांनी दनुता दहिवलीला आमच्या घरी आली. हातात हिरवी वही. तिने शेवटचं पान उघडून माझ्यासमोर ठेवलं. सासूबाई दारात उभ्या होत्या. मला वाटलं, त्या वही उचलून बाहेर टाकतील. त्यांनी विचारलं, "काय आहे ते?" मी खरं सांगितलं. बारा शब्द, कुठले, आणि मी ते का ठेवले होते.

त्या खाली बसल्या, पदर सावरला आणि म्हणाल्या, "लिही. मी सांगितलं म्हणून तू बोलली नाहीस, आणि न बोलून कोण वाचलं? लिही, मी आहे इथे."

आम्ही बाराही शब्द लिहिले. 'कॉर्प्स'पुढे मी 'मृतदेह' लिहिलं तेव्हा सासूबाई म्हणाल्या, "ते कचेरीतलं झालं. त्या माणसांना कळेल असं लिही." मी ते खोडून 'मढं' लिहिलं. त्या वहीत तेवढी एकच खाडाखोड आहे.

त्याच आठवड्यात पत्र्याची पाटी रंगवून खड्ड्यापाशी लागली. वर दनुताचं इंग्रजी, बिनचूक. खाली मराठीत माझी दोन वाक्यं: खाली उतरणारा मरतो. त्याला वाचवायला उतरणाराही मरतो. ज्यांना वाचता येत नव्हतं त्यांना अब्बासचाचा रोज सकाळी मोठ्याने म्हणून दाखवत. दनुता फेब्रुवारीत परत गेली, वही माझ्याकडे ठेवून. तोवर तुमचा बाबा जन्मला होता. सगळी बोटं मोजून झाल्यावर मी त्याचा श्वास कितीतरी वेळ ऐकत बसले होते.

काशिनाथच्या घरी मी दिवस झाल्यावर गेले होते. त्याच्या आईने माझा हात धरला. "येक तरी ठेवलात, बाई." हिरू ओटीवर होता. तो उठला आणि पाठ करून उभा राहिला. "तुमी मला आडवलंत," एवढंच म्हणाला. त्यानंतर कर्जतच्या बाजारात दिसला तर तो रस्ता बदलायचा. अशी वीस वर्षं गेली. त्याला मी अडवलं ते बरोबर होतं, हे मला माहीत होतं. पण मला भीती दुसरीच होती. काशिनाथला मी काय उत्तर दिलं होतं, ते याला कळलं तर?

कारखाना बंद पडला तेव्हा ऐंशीचं दशक अर्धं सरलं होतं. एका दुपारी दारात हिरू उभा. केस पिकलेले, काखेत गंजका पत्रा. त्याने तो ओटीवर ठेवला. ती पाटी होती. अक्षरं जवळजवळ गेलेली.

"खड्डे बुजवून टाकलं बाई. ही भंगारात चालली व्हती. घेऊन आलो." तो उंबऱ्याबाहेरच बसला. "आमच्या हिरीत गाळ काढाया माणसं उतरत्यात, चैताला. हिरीत बी व्हतं तसं. तिथं लावतो. अक्षरं परत लिवून द्या."

मी ब्रश आणि रंग आणला. पण वीस वर्षं अडवून ठेवलेलं ते बोलल्याशिवाय ती वाक्यं लिहिणं मला जमेना. मी म्हटलं, "हिरू, त्या सभेत काशिनाथनं मला विचारलं होतं, उतरलो तर काय होतं. मी त्याला..."

"तब्येत बिघडते म्हणालात," हिरू म्हणाला. "म्हाईत हाय. मी त्याच्या मांडीला मांडी लावून बसलो व्हतो."

मी ब्रश खाली ठेवला.

"लय वरसं तुमचं तोंड बघू नये वाटायचं. आडवलं म्हणून नाय, बाई. आदी का नाय बोललात म्हणून." त्याने पत्रा माझ्याकडे सरकवला. "आता ठळक लिवा. लांबून दिसाया पायजे."

मी लिहिलं. तो रंग वाळेपर्यंत बसला, चहा घेतला, आणि पाटी सायकलला बांधून गेला.

सई, तुला काय करायचं ते तू ठरव. तुझ्या माणसांसमोर तू आहेस, मी नाही. मी फक्त माझ्या त्या दोन शब्दांचं काय झालं ते सांगितलं.

दनुताची पत्रं काही वर्षं आली, मग थांबली. अब्बासचाचा गेले, सासूबाई गेल्या. कारखान्याच्या जागी आता गवत आहे. हिरव्या वहीचा पुठ्ठा तिथलाच आहे, कोपरे सोडले तर अजून घट्ट आहे. आणि हिरूच्या विहिरीवर ती पाटी आहे. दर खंडेनवमीला तो तिच्या अक्षरांवरून रंगाचा हात फिरवतो आणि खाली कुंकवाचं एक बोट लावतो.